पाच, दहा, वीसवर खरा निघालेला मायक्रोमीटर

"मालक, नवा एक सांगतोय आन् जुना एक सांगतोय," मामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी म्हटलं, "त्या जुन्याचं काय धरून बसलाय मामा, त्याचे आकडे तरी दिसतात का?" ते गप्प बसले आणि ग्राइंडर चालू केला. तो दिवस मला ६१ हजारांना पडला.

कोल्हापुरात उद्यमनगरला माझा गाळा आहे. दोन लेथ, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि मामा. मामा वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. तसाच ०-२५ मिलिमीटरचा एक मायक्रोमीटरही, म्हणजे जाडी-व्यास बारकाईने मोजायचं हत्यार, वडिलांच्या वेळचा. त्याचं रॅचेट, म्हणजे दाब बेताचा ठेवणारं टोकाचं बटण, घसरायला लागलं होतं, स्लीव्हवरच्या, म्हणजे आतल्या स्थिर नळीवरच्या, रेघा पुसट झाल्या होत्या. नवा घ्यायचं मनात होतंच, तेवढ्यात बॅग घेऊन फिरणारा एक विक्रेता दारात आला. बोलायला गोड, चहाला नको न म्हणणारा. एका नामांकित जपानी कंपनीचं नाव कोरलेला, एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, वाचणारा मायक्रोमीटर त्याने पेटीतून काढला. किंमत २८०० रुपये. अधिकृत डीलरकडे तोच जवळपास दुप्पट. स्वस्त का, तर म्हणे एका बंद पडलेल्या कारखान्याचा न वापरलेला माल. पक्कं बिल नको म्हटल्यावर आणखी दोनशे कमी झाले, आणि ते नको मीच म्हटलं होतं. ते पुढे येईलच.

मी काही अगदीच नवखा नाही. म्हटलं, चेक करून दाखवा. त्याने मखमलीच्या कापडातून तीन स्लिप गेज, म्हणजे ठरलेल्या अचूक मापाचे ठोकळे, काढल्या: ५, १० आणि २० मिलिमीटर. पुसून एकेक लावली. ५.०००. १०.०००. २०.०००. मी स्वतः रॅचेटचे तीन टिकटिक देऊन फिरवून पाहिला, तरी तेच. सोबत कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट होतं, त्यात ५, १०, १५, २०, २५ या पाच मापांपुढे एरर शून्य किंवा एक मायक्रॉन. आणखी काय पाहिजे? पैसे दिले.

यात काय चुकलं ते समजायला मायक्रोमीटरच्या पोटात शिरावं लागतं. मायक्रोमीटर म्हणजे शेवटी एक नट आणि एक बोल्ट. स्पिंडलच्या, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या दांडीच्या, मागच्या भागावर अर्ध्या मिलिमीटर पिचचे आटे असतात, त्यामुळे थिंबलचा, म्हणजे बाहेरच्या फिरत्या नळीचा, एक पूर्ण फेरा झाला की स्पिंडल अर्धा मिलिमीटर सरकतो. थिंबलच्या घेरावर ५० रेघा, म्हणजे एक रेघ ०.०१ मिलिमीटर. स्लीव्हवरचा व्हर्नियर, म्हणजे जोडीची बारीक मोजपट्टी, त्या रेघेचेही दहा भाग करतो. १८ मिलिमीटर व्यासाच्या थिंबलचा घेर साडेपाच सेंटीमीटरच्या वर जातो. अर्ध्या मिलिमीटरची सरक तेवढ्या घेरावर पसरते, म्हणून ती डोळ्याला शंभरपटीहून मोठी दिसते. पॅरिसच्या पाल्मर नावाच्या कारागिराने १८४८ साली या हत्याराचं पेटंट घेतलं, आणि फ्रेंच लोक मायक्रोमीटरला अजून 'पाल्मेर'च म्हणतात. तेव्हापासून बाकी सगळं सुधारलं, मोजायच्या टोकांना कार्बाइडची तोंडं आली, रॅचेट आलं, पण भरवसा सगळा त्या आट्यांवरच राहिला. फेरा पूर्ण झाल्यावर स्पिंडल बरोबर अर्धा मिलिमीटर सरकला एवढ्याने भागत नाही. फेऱ्याच्या पावभागात पाव आणि निम्म्यात निम्मा सरकला पाहिजे.

आता त्या तीन स्लिपांकडे परत बघा. ५, १०, २०. प्रत्येक माप अर्ध्याच्या पटीत. प्रत्येक वेळी थिंबल शून्याच्याच रेघेवर येऊन थांबलं. त्याने मला स्क्रूची एकच जागा तीनदा दाखवली, आणि मी तीन जागा तपासल्याच्या समाधानात होतो. सर्टिफिकेटवरची पाच मापंही तसलीच.

काम आलं ते पिनांचं. ४२० नग, कडक केलेले, ग्राइंडिंग आमच्याकडे. व्यास १५.७४० ते १५.७५०. मामा मधोमध, १५.७४५ धरून काढत होते. १५.७५ म्हणजे साडेएकतीस फेरे, थिंबल २५ च्या रेघेच्या आसपास, शून्याच्या बरोब्बर समोर. नशीब असं की स्क्रूची सगळ्यात वाईट जागा आणि माझं काम एकाच ठिकाणी आलं.

जुन्या मायक्रोमीटरवर त्याच पिना १५.७३५ च्या आसपास दाखवत होत्या. मामांनी म्हटलं ते तेव्हाच. मी शहाणपणा केला, २५ मिलिमीटरची सेटिंगची दांडी काढली आणि दोन्ही मायक्रोमीटर तिच्यावर लावले. नवा २५.०००, जुना २४.९९८. घ्या, जुनाच कमी दाखवतोय! आता कळतं की २५ म्हणजे बरोबर ५० फेरे. दांडीवरही थिंबल शून्यावरच. आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाळ्यांत तपासायला ही एक दांडीच असते.

माल गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. त्यांच्या कंपॅरेटरवर, म्हणजे मास्टरशी ताडून मोजायच्या यंत्रावर, ३७४ पिना अंडरसाइझ. जास्त असत्या तर पुन्हा ग्राइंड केल्या असत्या. कमी झालेल्या पिनेला कुठलं मटेरियल चिकटवणार? पिना त्यांच्या, हीट ट्रीटमेंट त्यांची, सगळ्याची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, माझ्या नावावर.

मी आधी दोष तापमानावर ढकलला. गरम पीन मोजली, थंड झाल्यावर आकसली असेल. मग हिशेब केला. स्टील एका मीटरला, एका अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. १५.७५ मिलिमीटरची पीन दहा अंशांनी तापली तरी फरक दोन मायक्रॉनही भरत नाही. पिना धरलेल्या मापापेक्षा आठेक मायक्रॉन कमी भरल्या होत्या; तेवढ्यासाठी ती चाळीस अंशांच्या वर तापलेली हवी, आणि आमची तर कूलंटमधून भिजत निघते.

शेवटी मायक्रोमीटर एका लॅबमध्ये नेला. तिथल्या मुलाने सर्टिफिकेटकडे बघितलंसुद्धा नाही. स्लिपांची पेटी उघडली आणि वेगळ्याच मापांच्या काढल्या: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, मग १५, १७.६, २०.२, २२.८, २५. म्हटलं, ही काय विचित्र मापं? तो म्हणाला, "काका, प्रत्येक वेळी थिंबल कुठे थांबतंय बघा." २.५ ला शून्यावर. ५.१ ला १० वर. ७.७ ला २०, १०.३ ला ३०, १२.९ ला ४०. मापं मुद्दाम अशी निवडलीत की पुढे सरकता सरकता स्क्रूचा अख्खा फेराही तपासून होतो. आणि आमचा नवा गडी? शून्यावर एरर शून्य. १० वर ३ मायक्रॉन जास्त, २० वर ७, ३० वर ७, ४० वर परत ३. मग १५ ला पुन्हा शून्य, जसं काही झालंच नाही. मधे २५ च्या रेघेवर त्याने दोन स्लिपा जोडून बघितल्या: ८.

त्यानंतर त्याने काचेच्या चार चकत्या काढल्या. १२.००, १२.१२, १२.२५, १२.३७, म्हणजे दर चकतीला थिंबल साधारण पाव फेरा पुढे. त्या तोंडांमध्ये धरून, तोंडं समांतर आहेत का हे सांगणारे रंगाचे पट्टे मोजले. तोंडं बरी होती, चारही जागी समांतर. म्हणजे दोष आट्यांचाच. इंग्रजीत याला 'ड्रंकन थ्रेड' म्हणतात हे त्यानेच सांगितलं. घरी येऊन मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे आटे पिऊन आल्यात की!" हसू आलं, पण डेबिट नोट टेबलावर होती.

लॅबमध्येच थिंबल काढून आत पाहिलं. चांगल्या मायक्रोमीटरमध्ये आतला नट चिरलेला असतो आणि वरून टेपरची एक नटी, झीज झाली की ती आवळून ढिलेपणा काढायचा. इथे ती नवी असतानाच करकचून आवळलेली होती आणि वर घट्ट ग्रीस थापलेलं. फिरवताना मला जो मखमली फील आला होता आणि ज्याचं मी मामांपुढे कौतुक केलं होतं, तो हा. कंपनीच्या अधिकृत डीलरने सिरीयल नंबर बघून सांगितलं, हा नंबर आमचा नाही. सर्टिफिकेटवर एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, चिन्हासारखं काहीतरी होतं, पण प्रत्येक रिपोर्टला वेगळा असणारा यूएलआर नंबर नव्हता, मोजमापातली अनिश्चितता लिहिलेली नव्हती, कोणत्या मास्टर मापावरून तपासलं तेही नव्हतं. लॅबचं नाव एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधलं, मिळालं नाही. हे दोन मिनिटांचं काम होतं. घेण्याआधी केलं नाही.

विक्रेत्याला फोन केला. नंबर बंद असेल असं वाटलं होतं, पण त्याने उचलला, अगदी प्रेमाने. "साहेब, तुमच्याकडून पडला असेल. चावीने झिरो करून घ्या, होऊन जाईल." झिरो करायचं म्हणजे स्लीव्ह चावीने थोडी फिरवायची. त्याने सगळ्या रेघा सारख्याच सरकतात. शून्यावर चार कमी दाखवेल आणि समोर चार जास्त, बाकी आटे जिथल्या तिथे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग बदलून देतो, त्याच लॉटमधला दुसरा. बिल मागितलं तर हसला. कच्च्या चिठ्ठीवर त्याचं नावही नव्हतं, आणि दोनशे रुपयांसाठी ती चिठ्ठी मीच पत्करली होती. पोलिसांत काय घेऊन जाणार?

जाणून फसवलं की त्यालाही कुणी फसवलं, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं मत जाणून. नकली मायक्रोमीटर विकणाऱ्याच्या बॅगेत स्लिपा असतात, त्याही पूर्ण आकड्यांच्याच असतात आणि सर्टिफिकेटही तेवढ्याच आकड्यांचं असतं, हा योगायोग मला पटत नाही.

आता ड्रॉवरमध्ये ७.७, १०.३ आणि १२.९ या तीन स्लिपा तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवल्यात. सेट महाग पडतो, पण सुट्या तीन परवडतात. कोणताही मायक्रोमीटर घेताना आधी शून्य, मग या तीन, आणि प्रत्येक वेळी रॅचेटनेच दाब द्यायचा, मुठीने नाही. तीनही ठिकाणी दोन-तीन मायक्रॉनच्या आत असला तर पुढचं बोलायचं. जुना मायक्रोमीटर रॅचेट बदलून परत कामाला लावलाय. लॅबमध्ये तो सगळ्या फेऱ्यात सारखाच दोन मायक्रॉन कमी निघाला. म्हणजे त्या पिनांबद्दल मामा आणि तो जुना मायक्रोमीटर, दोघंही जवळजवळ खरं बोलत होते. चावीने झिरो केल्यावर तेवढाही फरक राहिला नाही.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या गाळ्यावरून फोन आला, "तुमचा तो पाहुणा आलाय, पेट्या उघडून बसलाय." मामांनी न बोलता १०.३ ची स्लिप खिशात टाकली आणि आम्ही दोघं गेलो. तो २० ची स्लिप लावून दाखवत होता. मामांनी आपली पुढे केली. "ही लावा की."

त्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली, आकडा वाचला. "ही आमच्या सेटमधली नाही," म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून पेट्या भरायला लागला.