वकिलाशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात : माझा अनुभव

नवा फ्रीज पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवायचा, कंपनी दुकानदाराकडे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवूनही ढिम्म! शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार दाखल केली. वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, हे फार मोलाचं. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

खरी मेहनत कागदांची. बिल, वॉरंटी कार्ड, ‘कॉम्प्रेसर गेला’ असं मेकॅनिकने लिहिलेली जॉबशीट, व्हॉट्सॲपचे प्रिंट तारीखवार लावले, पानांना नंबर घातले, प्रतिज्ञापत्र जोडलं. दुकानाच्या बिलाची शाई उडते, झेरॉक्स लगेच काढा. खिडकीवरच्या बाईंनी पानन्‌पान उलटून राहिलेल्या सह्या दाखवल्या, अगदी आपुलकीने.

तारखांचा मात्र संताप येतो. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५, असं कायदा सांगतो. तरी समोरचा वकील मुदत मागतो आणि आपली रजा जाते. नेटाने हजर राहिले. अखेर कंपनीनेच तडजोडीची पुरसिस, म्हणजे आयोगापुढे लेखी निवेदन, दिली. नवा फ्रीज आला, प्रवासखर्चही वसूल केला.