घरच्या स्प्रिंकल्ससाठी मेरिंग पावडर: घ्यावी की नाही?

नाताळच्या बिस्किटांवर घरी केलेली रंगीत स्प्रिंकल्स (साखरेचे बारीक तुकडे) भुरभुरायची असतील तर ताज्या अंड्याच्या पांढऱ्याऐवजी मेरिंग पावडर जरूर घ्या. कच्च्या अंड्याची धास्ती राहत नाही आणि माप दर वेळी सारखं येतं. फक्त शुद्ध शाकाहारींनी डबा पाहून घ्यावा, कारण बहुतेक पावडरींत वाळवलेलं अंड्याचं पांढरं असतं.

२२५ ग्रॅम आयसिंग शुगरला दीड टेबलस्पून पावडर आणि अडीच ते तीन टेबलस्पून पाणी. साखर दोनदा चाळा, एक गुठळीसुद्धा नोझल (आयसिंगच्या पिशवीचं टोक) बंद पाडते. भांड्याला तुपाचा हात लागलेला असेल तर फेटूनही मिश्रण फुलतच नाही. रंग जेलचाच वापरा. पातळ रंगाने पाणी वाढतं आणि रेघा पसरतात. २ नंबरच्या गोल नोझलने बटर पेपरवर लांब रेघा ओढा, २४ तास वाळू द्या, मग हाताने तुकडे करा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन दिवसही लागतात. वाकवल्यावर कट्‌कन तुटली की रेघ तयार. घाईने ओव्हनमध्ये घातलीत तर पांढरा रंग पिवळट पडतो.

एक मर्यादा मात्र मोठी आहे. केकच्या ओल्या पिठात ही स्प्रिंकल्स विरघळतात. तिथे विकतची वर्मिसेली (शेवयांसारखी बारीक तयार स्प्रिंकल्स) च बरी, तिच्यावर सहसा चकाकीचा थर असतो. घरची वरून भुरभुरायला, आयसिंग अर्धवट सुकल्यावर. हवाबंद बरणीत महिनाभर सहज टिकतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच पाणी सुटतं.