नायकी रोमालिओस ४ : स्क्वॉटमधला तोल आणि टाचेखालचे २० मिलिमीटर

बारबेल स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर वजनाचा लोखंडी दांडा (बार) घेऊन उठबस करताना, खाली बसताना टाचा उचलल्या जातात, छाती पुढे पडते आणि उठताना कमरेवर ताण येतो, ही तक्रार कोणत्याही जिममध्ये ऐकू येते, आणि त्यावर बूट बदलण्याचा सल्लाही लगोलग मिळतो. नायकीचे ‘रोमालिओस ४’ हे वेटलिफ्टिंगचे बूट नियमित वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा सल्ला योग्य असला, तरी ज्याची अडचण खरोखर घोट्यात आहे त्यालाच त्याचा पुरेपूर लाभ होतो.

या बुटाची टाच चवड्यापेक्षा सुमारे २० मिलिमीटर उंच आहे. खोल स्क्वॉटमध्ये गुडघे पुढे जाण्यासाठी नडगी पुढे झुकावी लागते. घोटा आखडलेला असेल तर ती अडते, कंबर मागे राहते आणि बार तळपायाच्या मध्याच्या बरोबर वर राखण्यासाठी धड पुढे वाकवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. टाच उंचावली की नडगीला वाव मिळतो, धड अधिक सरळ राहते आणि खाली जाताना व वर येताना बार तळपायाच्या मध्यावरच राहतो. मानेच्या मुळाशी, ट्रॅप्सवर (मान आणि खांद्यांमधल्या स्नायूंवर) बार घेणाऱ्यांना हा फरक पहिल्याच सेटमध्ये जाणवतो. बार थोडा खाली घेऊन कंबर मुद्दाम मागे नेणाऱ्यांना तो बराच कमी जाणवेल.

उंचीपेक्षाही मला मोलाचा वाटला तो याचा कडक आणि रुंद सोल. धावण्याच्या बुटांतला मऊ फोम जड वजनाखाली दबतो, पाय आत किंवा बाहेर कलंडतो आणि पाठोपाठ गुडघाही डळमळतो. इथे मात्र लेसवरून येणारे दोन पट्टे पाय घट्ट धरतात, आणि टाच, अंगठ्याचे मूळ व करंगळीचे मूळ या तिन्ही ठिकाणी जमिनीचा दाब स्पष्ट कळतो. अंगठ्याचे मूळ सुटले की गुडघा बाहेर फेकला जातो, करंगळीची बाजू सुटली की तो आत येतो, आणि ही चूक बार वर येण्याआधीच पायाला समजते.

तालमीत बैठका काढलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बैठक मारताना टाचा उचलून चवड्यावर येण्याची रीत त्या व्यायामाला साजेशीच आहे, पण खांद्यावर बार असताना तीच सवय तोल बिघडवते आणि उंच टाचेमुळे वजन चवड्याकडे आणखी सहज ढळते. अशांनी हे बूट घालून आधी २० किलोच्या रिकाम्या बारवर सराव करावा, पोटात श्वास भरून पोट आवळावे, सावकाश खाली जावे, तळाशी क्षणभर थांबावे आणि टाच जमिनीत रोवूनच उठावे.

बूट स्वस्त नाहीत, म्हणून घेण्याआधी घरीच पाहून घ्या. पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते तपासा. टेकत नसेल, तर जिममध्ये दोन्ही टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट ठेवून रिकाम्या बारने काही स्क्वॉट करा. धड लगेच सरळ राहू लागले तर या बुटाचा तुम्हाला उपयोग आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा श्वास, पाठीची पकड किंवा पायांतील अंतर यांत असेल आणि ते पैसे चांगल्या ट्रेनरकडे खर्च केलेले बरे. पोटरीचे ताण देणारे व्यायाम मात्र बूट घेतल्यावरही सोडू नयेत.

डेडलिफ्टसाठी, म्हणजे जमिनीवरचा बार उभे राहत उचलण्यासाठी, हे बूट मी वापरत नाही, कारण उंच टाचेमुळे बार तितकाच अधिक उचलावा लागतो. ते जड आणि ताठ असल्याने चालण्या-धावण्याच्याही कामाचे नाहीत. बार ठेवायच्या रॅकपाशी घालावेत आणि स्क्वॉट संपले की काढून ठेवावेत.