एस.पी. शाल, 3 नग

माझ्या माहेरी कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक रेशमाबद्दल कुरकुरलं की अण्णा पदराच्या कडेचा एक धागा उपसायचे, काडी लावायचे आणि राख चिमटीत चुरून दाखवायचे. "केस जळल्यासारखा वास आला ना? मग रेशीम." तो वास मला आठ-दहा वर्षांची असल्यापासून ओळखता येतो. अशा घरातली मी 2023 च्या डिसेंबरात अमृतसरहून 11,400 रुपयांच्या तीन पश्मिना शाली घेऊन आले, आणि त्यांत लोकरीचा एक तंतू नव्हता. हे लिहिताना आजही कान गरम होतात. पण आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं येत्या थंडीत तिकडे निघाली आहेत, म्हणून लिहिते.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. सासूबाई वारकरी. नामदेवरायांनी पंजाबात जिथे मुक्काम केला ते घुमान डोळे मिटायच्या आत बघायचं, असा त्यांचा हट्ट. 2015 मध्ये तिथे साहित्य संमेलन झालं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते गाव बसलं होतं. जालन्याहून सचखंड एक्सप्रेसने सरळ अमृतसर गाठता येतं, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. वाटेत स्टेशनांवर लंगरवाले डब्यापर्यंत येऊन गरम जेवण वाढतात, पैसे घेत नाहीत. या जेवणाचा आणि पुढच्या फसवणुकीचा संबंध आहे, म्हणून सांगितलं. दीड दिवस कोणी ना कोणी आपल्याला फुकट खाऊ घालतंय, अशी सवय लागलेली माणसं आम्ही. त्याच मनाने उतरलो.

गाडीतून उतरताना जाणवली ती थंडी. मराठवाड्यातली थंडी म्हणजे सकाळी शाल आणि दहाला पंखा. तिथे दुपारीसुद्धा सावलीत बोटं आखडत होती. सकाळी हरिमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात गेलो तेव्हा धुकं इतकं की सरोवरापलीकडचं सोनं पिवळट डागासारखं दिसत होतं. अनवाणी संगमरवरावर चालताना तळवे बधिर झाले. कडाह प्रसाद, म्हणजे गरम शिरा, ओंजळीत पडला तेव्हा आधी हात शेकून घेतले, मग खाल्ला. सासूबाईंचा स्वेटर जालन्याच्या हिशेबाने घेतलेला. त्या काही बोलल्या नाहीत, पण ओठ निळसर दिसायला लागले होते. आज शाल घ्यायचीच, हे तिथेच ठरलं. दुकानात शिरण्याआधीच आमची गरज आमच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती.

आदल्या दिवशी मात्र आम्ही एका सापळ्यातून सुटलो होतो. अटारीच्या सीमेवर संध्याकाळी झेंडे उतरवण्याचा सोहळा, म्हणजे रिट्रीट, बघायला निघालो तर हॉटेलबाहेरच्या टॅक्सीवाल्याने माणशी 500 रुपयांत 'व्हीआयपी सीट' देऊ केली. तो सोहळा फुकट असतो, हे मी वाचलं होतं. थंडीत सूर्य लवकर मावळतो म्हणून तो लवकर होतो, ओळखपत्र लागतं, पिशव्या आत नेऊ देत नाहीत. हे सगळं मी त्याला सुनावलं आणि नवऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आपल्याला कोणी गंडवू शकत नाही, अशी ती मुद्रा होती.

जालियनवाला बागेतून बाहेर पडलो तेव्हा ई-रिक्षावाला भेटला. पन्नाशीचा, गळ्यात मफलर. "कहाँ से आए हो जी?" जालना म्हटल्यावर त्याचा चेहरा कोराच. मग नवरा म्हणाला, नांदेडच्या जवळ. एवढ्यावर त्याने दोन्ही हात जोडले. "हजूर साहिब! आप तो गुरु की धरती से आए हो." गुरु गोबिंदसिंहजींनी 1708 मध्ये नांदेडला देह ठेवला, हजूर साहिब हा तिथलाच गुरुद्वारा, तिकडच्या माणसांकडून भाडं कसं घेऊ, वगैरे. सासूबाईंना 'माताजी' म्हणत हाताला धरून बसवलं. दुर्गियाना मंदिर दाखवलं, गोबिंदगड किल्ल्याच्या दारापर्यंत नेलं, आणि खरंच एक पैसा घेतला नाही. आम्हीच अवघडलो.

मग तो सहज म्हणाला, "माताजी को ठंड लग रही है. सरकारी एम्पोरियम है, फिक्स रेट. लेना मत, बस देख लो."

'लेना मत'. हे शब्द त्याने मोजून वापरले होते असं आता वाटतं.

दुकान मोठ्या बाजारात नव्हतंच. दोन वळणं घेऊन एका बोळात, जिन्याने वर. पाटीवर 'सरकारमान्य' असं काहीतरी होतं. सरकारमान्य म्हणजे सरकारी नव्हे, हे कळायला वेगळी अक्कल लागत नाही, पण जिना चढून झाल्यावर ती सुचत नाही. आत गाद्या, हीटर, आल्या आल्या केशराचा कहवा, म्हणजे काश्मिरी चहा. दाराशी एका पोऱ्याने वहीत काहीतरी टिपलं. मी पाहिलं. आमच्या दुकानातही दलाल गिऱ्हाईक आणायचे आणि अण्णा वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या नावासमोर रेघ मारायचे. तो पोऱ्या रिक्षाचा नंबर लिहीत होता. हे मला माहीत असायला हवं होतं. खरं सांगायचं तर माहीत होतंच, पण कहवा फार छान होता.

फेरन, म्हणजे काश्मिरी पायघोळ अंगरखा घातलेला एक माणूस समोर बसला. श्रीनगरला आता बर्फ, म्हणून माल घेऊन खाली आलो, म्हणाला. बोलायला गोड आणि, हे महत्त्वाचं, बरंचसं खरं बोलणारा. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग भागातल्या बकऱ्यांच्या अंगावरची आतली मऊ लव, हे खरं. तिचा तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा, हेही खरं. काश्मीर पश्मिन्याला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही खरं. ही माहिती मी नंतर पडताळली तेव्हा सगळी बरोबर निघाली. फक्त त्याच्या हातातल्या शालीशी तिचा संबंध नव्हता. मग त्याने बोटातली अंगठी काढली आणि अख्खी शाल त्यातून सर्रकन ओढून काढली. मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. कुठलंही पातळ, गुळगुळीत कापड अंगठीतून जातं. व्हिस्कोज, म्हणजे नकली रेशीमही जातं. मीच माझी नायलॉनची ओढणी नंतर घरी काढून पाहिली.

पण मी अण्णांची मुलगी. म्हटलं, "धागा जाळून दाखवा."

तो जराही गडबडला नाही. शालीच्या दशीतला एक धागा उपसून लायटर लावला. तोच वास. राखेचा भुगा. मी नवऱ्याकडे बघून मान हलवली. इथे दोन चुका झाल्या. पहिली अशी की केस जळल्याचा वास मेंढीच्या लोकरीलाही येतो आणि रेशमालाही येतो. त्यावरून माल प्राणिज आहे एवढंच कळतं, पश्मिना आहे हे कळत नाही.

दुसरी चूक शुद्ध माझी. भाव 9,500 वरून 3,800 पर्यंत आणला (अस्सल हातमागाची पश्मिना या भावात येत नाही, एवढा विचार त्या क्षणी कोण करतो), तीन शाली ठरल्या, आणि मी म्हटलं, "ही हाताळलेली नको. घडी न मोडलेल्या द्या." आमच्या दुकानात दर दुसरी बाई हेच म्हणायची. तो हसला, "जी दीदी, बिलकुल," आणि आतून तीन सीलबंद पाकिटं आणली. मी म्हटलं नसतं तर तोच म्हणाला असता. जाळलेला धागा एका शालीचा, पिशवीत गेली भलतीच. पाकीट फोडून पुन्हा धागा जाळा, हे सांगायला मला लाज वाटली. इतका कहवा पाजलेला माणूस, त्याच्यावर किती अविश्वास दाखवायचा?

पैसे फोनवरून दिले. स्क्रीनवर दुकानाचं नव्हे, कुणा व्यक्तीचं नाव आलं. बिल हाती लिहिलेलं, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. मजकूर एवढाच: 'एस.पी. शाल, 3 नग'. खाली छापलेलं की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. एस.पी. म्हणजे स्पेशल पश्मिना असणार, असं मीच मनात ठरवून टाकलं.

परतीची गाडी पहाटेची. डब्यात समोर एक पंजाबी मावशी होत्या, हजूर साहिबला निघालेल्या. मी ऐटीत शाल काढून सासूबाईंच्या खांद्यावर टाकली तर अंधारात चट् चट् बारीक ठिणग्या उडाल्या. मावशींनी कड चिमटीत धरून पाहिली. "किन्ने दी लई, पुत्तर?" मी एका शालीचा आकडा सांगितला. त्या गप्प बसल्या. मग त्यांनी पिशवीतून पराठे काढून आमच्या हातात दिले. थोड्या वेळाने म्हणाल्या, अमृतसरातच यंत्रमागावर अशा शाली ढिगाने निघतात, कपड्याच्या कटऱ्यांत, म्हणजे बाजारपेठेच्या गल्ल्यांत, तीन-चारशेला मिळतात, त्या वाईट नसतात, फक्त त्यांना दुसरं नाव द्यायला नको. आकडा ऐकून त्या का गप्प झाल्या, ते तेव्हा कळलं.

घरी येऊन धागा जाळला. वितळून टोकाला काळा, टणक मणी झाला. ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यातला कृत्रिम धागा.

दुकानात फोन केला. पहिल्यांदा सलाम-दुवा, दुसऱ्यांदा नेटवर्क नाही, तिसऱ्यांदा तो शांतपणे म्हणाला, "दीदी, बिल पे पश्मिना कहाँ लिखा है? एस.पी. मतलब सेमी पश्मिना." मी उत्तर देऊ शकले नाही. सेमी पश्मिना हा शब्द बाजारात खरोखर चालतो, आणि त्यात पश्मिना अजिबात नसली तरी चालते.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून दोन गोष्टी कळल्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर काहीही छापलेलं असो. आणि तक्रार अमृतसरलाच जाऊन करावी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे जालन्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. फक्त दोन वर्षांची मुदत असते. कागद गोळा करते, करते म्हणत ती मी घालवली. नवरा म्हणायचा, बिलावर पश्मिना नाही तर सिद्ध काय करणार? त्याचं बरोबर असेल. पण बिलावर 'प्युअर पश्मिना, हातमाग' असं लिहून घ्या, असं एक वाक्य मी त्या गादीवर बसून म्हटलं असतं तर त्याने शाली तिथेच परत आत नेल्या असत्या, असं मला वाटतं. तुम्ही जाणार असाल तर तेवढं म्हणून बघा. आणि कोणी आतल्या खोलीत नेऊन हळूच शाहतूश दाखवायला लागला तर कहवा अर्धा टाकून उठा. ती चिरू नावाच्या हरणासारख्या प्राण्याला मारून काढतात आणि तिच्यावर बंदी आहे. खरी निघाली तर जास्तच वाईट.

घुमानचं सांगायचं राहिलं. तिथे सासूबाई नामदेव दरबारात तासभर बसल्या. नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, हे तिथल्या सेवेकऱ्याने सांगितल्यावर त्यांनी त्याच्याच पायांना हात लावला. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. तिथे आमच्याकडून कोणी काही घेतलं नाही.

दोन शाली मी कपाटात तळाशी टाकल्या आहेत. तिसरी सासूबाईंकडे आहे. किंमत आणि प्रकार दोन्ही त्यांना सांगितलेलं नाही. काकड्याला जाताना त्या ती पांघरतात. परवा शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "काश्मीरची आहे, घुमानला गेले होते तेव्हा सुनेने घेतली." अंधारात पदर सारखा करताना शाल पुन्हा चट् चट् वाजली. काकू म्हणाल्या, खरी लोकर अशीच वाजते म्हणे.