आईच्या खांद्यासाठी दोन महिने : सोलापुरातल्या अशोक चौकाजवळचं फिजिओथेरपी क्लिनिक

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळतेय. साखरेचा त्रास जुना. दिवाळीनंतर उजवा खांदा असा आखडला की केसांना तेल लावायलाही हात वर जाईना. आधी घराजवळच्या एकाकडे गेलो. बाहेर ‘फिजिओ’ असा बोर्ड, आत शेकायचं मशीन. पहिल्याच दिवशी त्यानं हात धरून जोरात वर ओढला. आई रात्रभर बसून होती. तुमचं शिक्षण काय, हे मी त्याला विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मग अशोक चौकाजवळच्या या क्लिनिकमध्ये आलो. आत शिरताच भिंतीवर दोन फ्रेम दिसल्या. एक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, दुसरी महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, नंबरासकट. मी वाचत थांबले तसं इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आपणहून सांगितलं. त्या शिकल्या तेव्हा बारावी सायन्स, ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं कॉलेज आणि सहा महिने इंटर्नशिप असं होतं. पदवी हातात आली तरी परिषदेत नोंद झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, 2002 चा कायदाच आहे तसा. त्यांनी वर दोन वर्षांचं एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षणही केलंय. माझी भाची यंदा नीट देतेय. दुसऱ्या दिवशी तिला मुद्दाम सोबत नेलं, तर मॅडम पेशंट संपल्यावर तिच्याशी निवांत बोलल्या.

पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. कोनमापक धरून हात किती उठतो ते मोजलं : 70 अंश. वहीत लिहिलं. साखरेच्या पेशंटला फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, जास्त होतो, सुटायला महिने लागतात, हे आईला नीट समजावलं. ‘‘मावशी, रेटायचं नाही, सोसवेल तेवढंच.’’ मग भिंतीवर बोटांनी चढायचं, कप्पीची दोरी ओढायची. घरी करायला आपलाच सोलापुरी टॉवेल : दोन टोकं पाठीमागं धरायची, वरच्या हातानं हळूहळू ओढायचं. आठ आठवड्यांनी वहीत 130 लिहिलं, तेव्हा आईनं तो आकडा दोनदा वाचायला लावला.

एका वेळचे 300 रुपये, पावती मिळते. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी अकराला जा. जिना मात्र उंच, लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटसाठी खाली एक खोली घ्याच, असं मी मॅडमना सांगून आलेय.