हडसन्स की नॉर्थलँड: 1955 च्या डेट्रॉइटमधली खरेदी

एक मैत्रीण 1955 च्या डेट्रॉइटमधल्या कुटुंबावर कथा लिहितेय. नायिकेला खरेदीला कुठे पाठवावं यावर तिचं अडलंय: वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या हडसन्स या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये, की शेजारच्या साउथफील्डमधल्या नव्याकोऱ्या नॉर्थलँड शॉपिंग सेंटरला?

जायचं कसं? इथेच निम्मा निकाल लागतो. वुडवर्डवर 1956 च्या एप्रिलपर्यंत ट्राम धावत होती, त्यामुळे गाडी नसलेल्या बाईलाही हडसन्स गाठता येई. नॉर्थलँड (1954) मात्र मोटारवाल्यांसाठीच आखलेलं. हजारो गाड्यांचं पार्किंग, तेही फुकट.

निवड म्हणाल तर हडसन्सला तोड नाही. पंचवीस मजली इमारत, वर जेवणाची सोय, आणि बाहेर पडलं की कर्न्स, क्राउली ही दुकानं चालत्या अंतरावर. नॉर्थलँडच्या मध्यभागीही हडसन्सचीच शाखा, भोवती लहान दुकानं. मालक एकच, म्हणून भावाची तुलना मी सोडून दिली.

हवेचं काय? वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएनने आखलेलं नॉर्थलँड तेव्हा छतबंद नव्हतं. बागा, शिल्पं छान, पण जानेवारीत एका दुकानातून दुसऱ्यात जाताना कोट हवाच. मॉल म्हटलं की एसी आठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नायिका उपनगरातली, गाडीवाली, मुलं सोबत असलेली असेल तर नॉर्थलँड. लग्नाचा बस्ता, नाताळची खरेदी किंवा ट्रामने येणारी सासू असेल तर वुडवर्डच.