चेन की पॅन? दोन्ही वापरून झालेल्याचं मत

एका मित्राने साक्रीकडे कोंबड्यांचं नवं ब्रीडर शेड, म्हणजे उबवणीची अंडी घेण्यासाठीचं शेड काढलंय. खाद्यासाठी चेन (उघड्या पन्हळीतून खाद्य ओढत नेणारी) टाकू की पॅन (नळीतून खाद्य पडणारी ताटं), असं रोज फोनवर विचारतो. माझ्या जुन्या शेडात चेन आहे, नव्यात पॅन. दर आणि मापं विकणारे सांगतीलच, म्हणून ती सोडतो.

आधी पॅनची बाजू. खाद्य बंद नळीतून जातं, वाटेत कोणी चोच मारत नाही. शेवटच्या पॅनलाही तसाच भरडा पडतो. चेनमध्ये हॉपरजवळच्या, म्हणजे खाद्याच्या टाकीजवळच्या कोंबड्या जाड दाणा टिपून घेतात आणि लांबच्यांना भुकटी उरते. त्यात मिनिटाला 18 मीटरची जुनी चेन असेल, तर 200 मीटरचा फेरा पुरा व्हायला 11 मिनिटं लागतात. मोजून खाद्य मिळणाऱ्या ब्रीडरमध्ये तेवढा वेळ नुसती चेंगराचेंगरी. 36 मीटरवाली घेतली, अंधारात फिरवली आणि मग लाइट लावले की बरंच निभावतं. तरी वजनं सारखी राहण्यात माझं पॅनचं शेड थोडं पुढे असावं. वही काढून दाखवा म्हणाल तर नाही दाखवता येणार.

चेनचं दुखणं कॉर्नरला, म्हणजे ती जिथे चाकावरून वळते तिथे. पावसाळ्यात ओलं खाद्य तिथे थापलं जातं, चाक अडकतं, चेन त्यावरून घासत जाते आणि चाकाला खाच पडते. मग शिअर पिन, म्हणजे जास्त ताण आला की आधी स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणारी पिन, तुटायला लागते. आमच्या एका पोराने वैतागून पिनच्या जागी कडक बोल्ट ठोकला. आठवड्यात गिअरबॉक्सचे दात गेले. तेव्हापासून रोज सकाळी चेन बंद असताना चारही चाकं हाताने फिरवून बघायची, हा नियम. नवी चेन सुरुवातीला ताणते. मोटरच्या चाकातून बाहेर पडताना तिचा ढीग व्हायला लागला की एखादी कडी काढायची. बाकी फार काही नाही.

आता पॅनचं. मे महिना, पहाटेचे पाच. पोरगा धावत आला, "भाऊ, मोटर ते फिरी ऱ्हायनी, पन दाना पडत नही." नळीतली खाद्य पुढे ढकलणारी स्प्रिंग तुटली होती. पण कुठे? बाहेरून काहीच दिसेना. नळीवर पाना वाजवत गेलो, आवाज पोकळ कुठे येतो ते ऐकत. मग ती अख्खी लांब स्प्रिंग ओढून काढायची. ताणलेली असते, हातातून सुटली तर चाबकासारखी मागे येते. पोराचं नख तेव्हाच गेलं. पितळेचा जोड मारणारा गॅस वेल्डर लग्नाला गेलेला. उन्हं चढायच्या आत खाणं उरकायला हवं, आणि आम्ही अकरा वाजता घमेल्यांनी खाद्य वाटतोय. खानदेशातला मे काय असतो हे मी सांगायला नको. त्या दुपारी उन्हाने मेलेल्या कोंबड्या टाकल्या आम्ही. किती, ते राहू द्या.

चेन तुटत नाही असं नाही. पण तुटली की डोळ्यांसमोर, उघड्या पन्हळीत पडलेली असते. दोन माणसं, हातोडी, कडी जोडायचं हत्यार, अर्धा तास. लॉट गेल्यावर धुवायलाही पन्हळ सोपी, तळ दिसतो. नवापुरात 2006 ला आणि पुन्हा 2021 ला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून नळीत आत काय चिकटून राहिलंय हा विचार माझ्या तरी डोक्यातून जात नाही.

तुमच्याकडे हाकेच्या अंतरावर चांगला मिस्त्री असेल आणि सुटी स्प्रिंग घरात ठेवणार असाल, तर पॅन वाईट नाही. पण मित्राला मी 36 मीटरवाली चेनच सांगितली. सोबत दोन कॉर्नर, तीन मीटर चेन आणि मूठभर पिना त्याच दिवशी घे म्हटलं. पिनांचा डबा मोटरजवळच्या खांबाला तारेने बांध, नाहीतर पहाटे तो कोणाला सापडत नाही.